त्या बुधवारची दाढी

आप्पा,

आज सोमवार, म्हणजे आपल्या धंद्याची सुट्टी. नवरा पहिल्या शिफ्टला चाकणला गेलाय, मुलगी कॉलेजात. सकाळची कामं उरकून मी वही घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. होतात तेव्हाही आपण फार बोलत नव्हतो. मधे गिऱ्हाईक असायचं आणि त्याच्या डोक्यावरून आपण एकमेकांकडे कंगवा, कात्री, पाणी एवढंच मागायचो. दापोडीचं दुकान आता नाही, रस्ता रुंद झाला त्यात गेलं. मी चिखलीत गाळा भाड्याने घेतलाय. दोन खुर्च्या, मोठा आरसा, बाहेर ‘जेन्ट्स सलून’ अशी पाटी आणि आत मी. नवीन माणूस दारातून डोकावतो, मला बघतो, मागे सरून पाटी पुन्हा वाचतो आणि मग आत येतो. तुम्ही असता तर मिशीत हसला असतात.

तुमचं मनगट थरथरायला लागलं त्या वर्षी तुम्ही मला शेजारी उभं केलंत. आईला ते पसंत नव्हतं. पोरीने परक्या पुरुषांच्या गालाला हात लावायचा, गावी लातूरकडे कळलं तर सोयरीक कोण करील, असं ती आठवडाभर म्हणत होती. तुम्ही फक्त माझ्या हातात साबणाचा ब्रश दिलात. तुमचा एकदाच मार बसला, तोही शब्दांचा. गर्दी होती, पहिल्या शिफ्टची माणसं खोळंबली होती, आणि आधीच्या माणसाचं ब्लेड जेमतेम चार फटके चाललं होतं म्हणून मी तेच पुढच्याला लावायला गेले. तुम्ही माझा हात वरच्या वर धरलात. ब्लेड काढून डब्यात टाकलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, “समोरचा माणूस डोळे मिटून मान वर करतो. डॉक्टरला असा भरवसा मिळत नाही, त्याला आधी सही घ्यावी लागते.” संध्याकाळी दुकान झाडताना मी रडत होते आणि तुम्ही स्टोव्हवर पाणी ठेवून कात्र्या उकळत होतात.

संप-मोर्चाबद्दलचं तुमचं म्हणणंही मला पाठ आहे. पिंपरीच्या एका कंपनीत मोठा संप झाला होता, गेटसमोर मांडव होता, आणि त्यातली दोन-तीन माणसं आपल्याकडे येऊन म्हणाली होती, तुम्हीही एक दिवस शटर ओढा, पाठिंबा म्हणून. तुम्ही नाही म्हणालात. ती गेल्यावर मी चिडले होते, तर तुम्ही म्हणालात की त्यांना मालक आहे, त्याच्या दारात ते बसतील. आपल्याला फक्त गिऱ्हाईक आहे, आपण कुणाच्या दारात बसायचं? मला त्या वेळी तो पळपुटेपणा वाटला. पुढे स्वतःचं दुकान झाल्यावर पटलं. म्हणूनच मला तुम्हाला सांगायचंय की तरीही मी बसले. वॉर्ड ऑफिसच्या दारात, डांबरावर, गिऱ्हाइकाला बांधतो तो पांढरा कपडा स्वतःच्या गळ्यात बांधून.

तुम्ही पाहिला नाहीत असा एक रोग आला, आप्पा. श्वासातून पसरणारा. पहिल्या वेळी सगळंच बंद झालं आणि ते आम्ही सोसलं, कारण सगळेच सोसत होते. चाकणचा रस्ता एवढा रिकामा मी कधी पाहिला नव्हता. भाड्याच्या खोल्यांतली बीड-नांदेडकडची पोरं पाठीला बॅगा लावून चालत निघाली होती. माझ्या दुकानातला कारागीरही गेला, तो आलाच नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा बंदी आली तेव्हा मात्र सगळं बंद नव्हतं. कंपन्या चालू होत्या. सकाळी सहाला चौकात बस लागायची, नवरा तिच्यात चढायचा, सीटला सीट लागून माणसं चाकणला जायची, तिथे एका लाइनवर उभी राहायची, एका कँटीनमध्ये जेवायची. तो कंत्राटावर होता, पगार आधीच्या निम्म्यावर आला होता, पण निदान काम होतं. मी खिडकीतून ती बस जाताना बघायची. आणि माझ्या एका खुर्चीवर एक माणूस बसवायला मात्र बंदी. रोग बसमधे चढत नाही आणि सलूनमधे बसतो, हे मला कुणी समजावून सांगेना.

गाळ्याचं भाडं थांबत नव्हतं, लाइट बिल थांबत नव्हतं, मुलीची शाळा मोबाइलवर गेली होती आणि घरात नेट चालणारा मोबाइल एकच, तो नवऱ्याबरोबर चाकणला जायचा; माझा साधा, बोलण्यापुरता. आमच्यातले काही भाजीच्या गाड्या लावून बसले. एकाने तर आपली उंच-खाली होणारी खुर्ची कुदळवाडीत भंगारात वजनावर दिली. तो मला रस्त्यात भेटला तेव्हा हेच सांगत होता, की ताई, काट्यावर ठेवताना त्यांनी गादी फाडून काढली, गादीचं वजन धरत नाहीत म्हणे.

त्यानंतर आमच्या कारागिरांच्या ग्रुपवर वॉर्ड ऑफिससमोर बसायचं ठरलं; तो ग्रुप मी रात्री नवऱ्याच्या मोबाइलवर बघायची. मोशीचे एक जुने कारागीर आहेत, साठी उलटलेले, गावातल्या चार पिढ्यांची डोकी त्यांच्या हाताखालून गेलीत. त्यांनी पुढाकार घेतला. घोषणा द्यायच्या नाहीत, मास्क काढायचा नाही, खडूने अंतरावर गोल आखायचे आणि त्यात बसायचं. तीस-पस्तीस जण असू. बाई मी एकटी. निघताना तुमचं म्हणणं आठवलं आणि पाय अडखळला, हेही लिहिते. नवरा म्हणाला, “जा. मी कंत्राटी माणूस, मला बसता येत नाही. तू बस.”

सोमवारच होता. ऊन वर आलं तसं डांबर तापलं. समोरच्या इमारतीतून एका गॅलरीतली बाई ओरडून म्हणाली की तुम्हाला दाढ्यांची पडलीय आणि इथे माणसं मरताहेत. मला राग आला नाही. तिच्या आवाजावरूनच कळत होतं की तिच्या घरात काहीतरी झालंय. थोड्या वेळाने सायरन वाजला. रुग्णवाहिका आमच्याच बाजूने येत होती. कुणी काही न सांगता आम्ही सगळे उठलो, कडेला भिंतीला लागून उभे राहिलो. ती गेली. मग पुन्हा येऊन आपापल्या गोलात बसलो. ते मधलं मिनिट मी विसरलेली नाही. उठताना वाटत होतं की आपण चुकीच्या ठिकाणी आहोत, आणि बसताना वाटलं की दुसरं ठिकाणही नाही.

दुपारी वॉर्ड ऑफिसचे साहेब खाली आले. तरुणच होते, डोळे लाल, केस मानेवर आलेले, दाढी महिनाभराची. मोशीचे काका उभे राहिले.

“आमी काय गर्दी करू द्या म्हनत न्हाई साहेब,” ते म्हणाले. “कंपनीला जो नियम हाय तो आमाला लावा. एक खुर्ची, एक मानूस. रोज तपासनी करा पायजे तर.”

साहेब म्हणाले की हे त्यांच्या हातात नाही, आदेश वरून येतो. मग माझ्याकडे वळले, बाई दिसली म्हणून असेल. “ताई, बेड मिळत नाहीयेत. माझा सख्खा मेव्हणा परवापासून व्हेंटिलेटरवर आहे. मी तुम्हाला उघडा म्हणून सांगू?”

मला तुमचं ते ब्लेड आठवलं. मी त्यांना सांगितलं की आमच्यात एका माणसाचं ब्लेड दुसऱ्याला लागत नाही, कात्री उकळल्याशिवाय आम्ही हातात घेत नाही, हा रोग यायच्या कितीतरी आधीपासून. माझा नवरा रोज भरलेल्या बसने चाकणला जातो आणि रात्री माझ्याच घरात जेवतो. आणि शेवटी म्हणाले, “बंदी आली तेव्हापासून आमच्यातल्या एकानेही चोरून वस्तरा उचललेला नाही, साहेब. आम्ही पाळलंय. आता आम्हाला विचारात तरी घ्या.”

साहेबांनी आमचं लेखी निवेदन घेतलं. मग पोलिसांनी त्यांचं काम केलं, आम्हाला गाडीत बसवून चौकीवर नेलं, नावं लिहून घेतली, संध्याकाळी सोडलं. लिहून घेणारा हवालदार कानामागचे वाढलेले केस सारखे मागे सारत होता. गुन्हा नोंदवला होता. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, कागद कधी आला नाही. आमच्या बसण्याने काही झालं का, तेही ठाऊक नाही. दुकानं उघडली ती कितीतरी आठवड्यांनी, रोग ओसरला तेव्हा, सगळ्यांबरोबर.

इथवरचं मी लोकांना सांगते. मुलीच्या मैत्रिणी आल्या की ती मुद्दाम सांगायला लावते. यापुढचं सांगत नाही.

त्या सोमवारनंतरच्या बुधवारी एका बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान देहूरोडच्या कारखान्यातून रिटायर झालेले, माझं जुनं गिऱ्हाईक, शिस्तीचा माणूस, एक दिवसाआड दाढी. हात थरथरतात म्हणून स्वतः करता येत नाही. बाई म्हणाल्या, “अगं, ते आरशासमोर जात नाहीत. जेवायला बसत नाहीत माझ्यासमोर. मागच्या दाराने ये.” मी आधी नाही म्हणाले. मग त्या म्हणाल्या, घरात गहू आहेत, तांदूळ आहे, रिकाम्या हाताने पाठवणार नाही. मी गहू-तांदळासाठी गेले की त्यांच्यासाठी गेले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. पिशवीत तळाला सामान, वर मेथीच्या दोन जुड्या, अशी निघाले. साहेबांना जे बोलले होते त्याला दोन दिवससुद्धा झाले नव्हते.

मास्क होता. पण दाढी करायची तर त्यांना मास्क काढावाच लागला. मी साबण लावला, त्यांनी डोळे मिटून मान वर केली. झाल्यावर तुरटी फिरवली, त्यांनी गालावरून हात फिरवला आणि बायकोला हाक मारून चहा मागितला. मला बरं वाटलं, आप्पा. आठवडे झाले होते हाताला काम नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी कढईत फोडणी टाकली आणि मला वास आला नाही. मोहरी तडतडताना दिसत होती, लसूण लाल होत होता, आणि नाकाला काहीच नाही. मी डबा उघडून साबण हुंगला. तोही नाही. टेस्ट केली नाही. केली असती आणि नाव आलं असतं तर नवऱ्याला कंत्राटदाराने त्या दिवसापासून बसमधे घेतलं नसतं, आणि कंत्राटी माणसाची जागा चार दिवससुद्धा कुणी धरून ठेवत नाही. मी घरी सांगितलं की दुकानात घूस शिरलीय, सगळं आवरायचंय, आणि गाळ्यात शटर ओढून बारा दिवस राहिले. नवरा दाराबाहेर डबा ठेवून जायचा. त्याला कळलं होतं. त्यानेही विचारलं नाही, आणि रोज बसमधे चढत राहिला. ताप आला, गेला. तिथेच, खुर्चीत पडल्या पडल्या, माझ्या साध्या फोनवर कळलं की बुधवारी ज्यांची दाढी केली त्या काकांना दवाखान्यात हलवलंय.

मी त्यांना दिला, की त्यांच्याकडून मला आला, की नवऱ्याच्या बसमधून, की त्या डांबरावरून, हे आता कुणालाच कळणार नाही. ते वाचले. महिन्याने घरी आले, कपडे अंगावर लोंबत होते. दुकान उघडलं त्या आठवड्यात बायकोचा हात धरून माझ्या पायरीवर आले.

अजून येतात. काल रविवारी आले होते. मी साबण लावत होते तेव्हा ते आपणहून बोलले. “त्या वेळी तू आलीस म्हणून बरं,” म्हणाले. “दवाखान्यात सगळे दाढी वाढलेले. नर्स म्हणाली, आजोबा, तुम्ही एकटेच नीट दिसता. मला तेवढ्यानेच धीर आला बघ.”

माझा ब्रश थांबला. म्हटलं, आज सांगावं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. तोंडापर्यंत आलं होतं. मग मी म्हणाले, “मान जरा डावीकडे, काका,” आणि पुढचा गाल घेतला.

हे कुठे पाठवायचं नाही, तुमच्याकडे पोचवणारं कुणी नाही, म्हणूनच एवढं लिहून झालं. खरं सांगते आप्पा, हे पत्र मला त्या काकांना लिहायचं होतं.