निळा कुडम

तंजावूर, मंगळवार, संध्याकाळ, १९९४

घरात मराठी सगळे बोलतात, वाचतो मी एकटा. म्हणून रघूबद्दल काय वाटतं ते या वहीत बिनधास्त लिहितो.

कॉलेजपासूनचा मित्र, आता मद्रासला जाहिरातींचे फोटो काढतो. पोंगलला आठ दिवस आमच्याकडे राहिला, आईच्या हातचं जेवला. म्हणे, "तुझ्या घरात पाऊल टाकलं की मला सुचायला लागतं." काय सुचलं? घागरीने पाणी भरणारी आई. तिचा रोजचा निळा प्लास्टिकचा कुडम त्याने पायाने बाजूला सरकवला आणि समोरच्या घरून पितळेचा मागून आणला. आईला चष्मा काढायला लावला. आणि मी काय करत होतो? तिच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून माझीच नेसायची पांढरी वेष्टी ताणून उभा होतो. मूर्खासारखा.

आज तो फोटो मासिकात आलाय. खाली त्याचं नाव. ढोंगी मेला. पायाने सरकवला, पायाने. हे मी विसरणार नाही. पण माझं काय? पंधरा वर्षं गावातल्या लग्नांचे फोटो काढतोय, घरात आईचा एक नाही.

त्याच रागात कॅमेरा घेऊन मागच्या नळावर गेलो. आई निळा कुडम नळाखाली ठेवत होती. म्हटलं, "अशीच थांब."

तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. चष्मा काढला. रिकामा कुडम पायाने बाजूला सरकवला.

"थांब रे जरा," म्हणाली, "समोरून पितळेचा घेऊन येते."