बेबीताईच्या स्वेटरचा घट्ट गळा

न्यू लिन, ऑकलंड
मे महिन्यातला एक गारठलेला रविवार

तीर्थस्वरूप बेबीताईस,
मारोतीचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. तुझ्या गुडघ्यांना त्या नव्या तेलाने उतार पडला, की ते नुसतंच घरभर वास मारतंय? भाऊजींची साखर कशी आहे? (ते "आटोक्यात आहे" म्हणाले तर विश्वास ठेवू नकोस, शर्टाच्या खिशात हात घालून बघ. मागे एकदा संत्र्याची बर्फी सापडली होती.) नागपुरात या दिवसांत कूलरपुढून कोणी हलत नसेल. इथे सगळं उलटं, मी हे पत्र मोज्यांवर मोजे चढवून लिहितो आहे. व्हॉट्सॲपवर का नाही लिहिलं, असं तू विचारशील. ताई, तू आलेला प्रत्येक मेसेज आधी फॅमिली ग्रुपवर पुढे पाठवतेस आणि मग वाचतेस. हा मजकूर आधी वाचायचा आहे. शक्यतो बसून. आणि भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवायची घाई करू नकोस, एकदा शेवटपर्यंत मनातल्या मनात वाच.

तू दर रविवारी फोनवर विचारतेस, "हापिस बरं हाय ना रे?" आणि मी सांगतो, बरं आहे. यात खोटं काही नाही. ऑफिस खरोखरच बरं आहे, लिफ्ट चालते, कॉफीचं मशीन चालतं. फक्त मागच्या महिन्यापासून मी तिथे नसतो. ताई, मी विमा कंपनीतली नोकरी सोडली. कोणी काढलं नाही, भांडण नाही, तब्येत उत्तम. उलट मला इतका आनंद झाला आहे की नीलिमा म्हणते, तुम्ही भांडी घासतानासुद्धा खांदे उडवता. (उडवतो. सराव आहे तो.) मी आता बर्लेस्क करतो!

बर्लेस्क म्हणजे काय ते सांगतो, आणि तू पदर तोंडाला लावायच्या आधीच सांगतो की शेवटी अंगावर पुष्कळ राहतं. ही इकडची जुनी रंगमंचावरची कला आहे. बाजा वाजत असतो, कलाकार नटूनथटून येतो, लोकांकडे बघून डोळे मिचकावतो आणि अंगावरचा एकेक कपडा अशा काही ऐटीत, अशा सावकाशीने उतरवतो की लोक हसून लोळतात आणि एक हातमोजा निघाला तरी शिट्ट्या पडतात. कपडा निघाला की त्याची गंमत संपली, म्हणून तो जितका उशिरा निघेल तितकं बरं. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) माझ्या अंगावर शेवटी टिकल्या लावलेलं बनियन आणि गुडघ्यापर्यंतची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी असते. इंदोऱ्यात सार्वजनिक नळावर पाणी भरताना मी याहून कमी कपड्यांत उभा असायचो. तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, उलट तू दारातून ओरडायचीस की नंबर जाईल.

आता मी यात पडलो कसा? त्याला कारण नीलिमा आणि तिचा घोटा. तिच्या लॅबमधल्या मैत्रिणींनी मिळून न्यू लिनच्या कम्युनिटी हॉलमधला बर्लेस्कचा क्लास लावला होता. आत्मविश्वास वाढतो म्हणे. (नीलिमाचा आणखी वाढला तर आम्ही राहायचं कुठे, हा प्रश्न मी मनातच ठेवला.) सुरुवातीलाच आमच्या बाईसाहेब हॉलच्या पायरीवरून घसरल्या आणि घोटा सुजला. भरलेली फी परत मिळणार नव्हती, पण घरातलं दुसरं कोणी आलं तर चालेल, असा निरोप आला. आता तूच सांग, भरलेली फी वाया जाऊ देणारा माणूस आपल्या घरात कधी जन्मला आहे का? तू स्वतः गालगुंड झालेलं असताना शिवणक्लासला जात होतीस. आरुषीला विचारलं, तर ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "नो वे." राहिलो मी. मला वाटलं, व्यायामाचा प्रकार असेल, म्हणून टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन गेलो.

क्लास घेतात जोआनबाई. वय साठीच्या पुढे, केस जांभळे, आणि जन्मभर नोकरी केली ती सुईणीची. अर्ध्या वेस्ट ऑकलंडला आपण या जगात ओढून आणलं, असं त्या सांगतात. पहिला धडा होता हातमोजा काढण्याचा. बायकांनी कोपरापर्यंतचे चकचकीत सॅटिनचे हातमोजे आणले होते. माझ्याकडे होते तू विणलेले करडे. तुला आठवतं, शाळेत मी हातमोजे हरवायचो म्हणून तू दोन्ही लोकरीच्या दोरीने जोडून ती दोरी एका बाहीतून दुसऱ्या बाहीत ओवायला लागलीस? मी सत्तेचाळीस वर्षांचा झालो, पण तू पाठवलेल्या प्रत्येक जोडीला अजून दोरी असते. तर जोआनबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी डाव्या हातमोज्याचं बोट दातात धरून झोकात ओढलं. त्याबरोबर उजवा हात आपोआप वर गेला आणि माझ्याच चष्म्यावर बसला. उजवा ओढला, तर डावा उठला. मी घाबरून दोन्ही ओढले आणि स्वतःला मिठी मारून उभा राहिलो. जोआनबाई हसता हसता जमिनीवर बसल्या. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, हे बसवायला किती दिवस लागले? मी म्हणालो, माझ्या बहिणीने बसवलंय. त्या म्हणाल्या, तू जन्मजात कलाकार आहेस. ताई, इतकी वर्षं ऑफिसात काढली, पण तिथे मला "नो वरीज, मार्टी" यापलीकडे कोणी काही म्हणालं नव्हतं. (मार्टी म्हणजे मीच. मारोती त्यांना लांब पडतं.) मी घरी आलो तो गाडीत गात आलो.

मग मी मागे वळून पाहिलंच नाही. गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनसमोर सराव केला. टर्म संपताना के रोडवरच्या एका छोट्या थिएटरात शो असतो. तिथे प्रत्येकाला रंगमंचावरचं नाव घ्यावं लागतं. बाकीच्यांनी हिऱ्यामोत्यांची आणि केकपेस्ट्रीची नावं घेतली. मी काही सुचेना म्हणून मारोती सांगितलं, तर जोआनबाई टाळी वाजवून म्हणाल्या, इतकं झकास नाव खरं असेल यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. बाबांनी ठेवलेलं नाव या देशात पहिल्यांदा पूर्ण छापलं गेलं, तेही चमकीच्या अक्षरांत.

माझ्या नाचाचा विषय होता, नागपूरचा माणूस ऑकलंडच्या हिवाळ्यात. रंगमंचावर आलो तेव्हा अंगावर रेनकोट, त्याखाली जाकीट, माकडटोपी, मफलर, दोरीचे हातमोजे आणि सगळ्यांच्या आत तुझा मरून रंगाचा स्वेटर. रेनकोट उतरला, जाकीट गेलं. माकडटोपीतून चेहरा बाहेर आला तेव्हा इतक्या टाळ्या पडल्या की मीच मागे वळून कोण आलं ते पाहिलं. मफलरचं टोक पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंच्या हातात दिलं आणि गिरक्या घेत सुटत गेलो. हातमोज्यांनी तर कहर केला. आणि मग आला स्वेटर.

त्या स्वेटरचा गळा तुला माहीत आहे. मी निघायच्या वर्षी तू तो विणलास, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की गळा घट्ट झालाय. तुझं एकच उत्तर, "सैल केला तं मंग हवा शिरते ना बापा." मी दोन्ही हातांनी स्वेटर झोकात वर ओढला आणि हनुवटीपाशी तो थांबला. आणखी ओढला, तर कानांपाशी पक्का बसला. हात वर अडकलेले, डोळ्यांपुढे मरून अंधार, नाकात डांबरगोळ्यांचा वास. मला वाटलं, संपलं. ट्रम्पेटवाला इमानाने तेच तेच वाजवत राहिला. मी दिशा चुकून पडद्यावर आपटलो, मग एका खांबाला सॉरी म्हणालो. लोक हसत होते, ओरडत होते, पाय आपटत होते. जोआनबाई पडद्याआडून जुन्या सवयीने "पुश! पुश!" म्हणून ओरडू लागल्या. शेवटी प्रेक्षकांतून नीलिमाचा आवाज आला, "अवो, आधी कान काढा ना, कान!" आणि ती तशीच लंगडत वर आली, माझ्या पायावर पाय रोवला आणि ओढलं. स्वेटर घेऊन ती एकीकडे पडली, मी दुसरीकडे. चष्मा स्वेटरमध्येच राहिल्यामुळे मला काही दिसलं नाही, पण सगळं थिएटर उभं राहिल्याचा आवाज मी ऐकला. बनियनवरच्या टिकल्या थरथरत होत्या. ताई, मला रडू आलं. इतका आनंद मला आरुषी झाली तेव्हाच झाला होता. (आरुषीने गाडीत बसल्यावर आधी कानातले इअरफोन काढले. मग म्हणाली, "यू वर हीप्स गुड, बाबा. प्लीज माझ्या टीचर्सना सांगू नका." पहिलं, म्हणजे "लई भारी होतात", इकडच्या इंग्रजीत आणि दुसरं अर्धं मराठीत, म्हणजे मनापासून.)

थिएटरवाल्यांनी लगेच विचारलं, जुलैपासून हिवाळी दौरा आहे, ऑकलंड, वेलिंग्टन, क्राइस्टचर्च, येतोस का? इतकी रजा ऑफिसात मिळेना. मी राजीनाम्याचं भाषण पाठ केलं, त्यात कला, आयुष्य, माणसाची हाक असं पुष्कळ होतं. साहेबांनी पहिलं वाक्य ऐकलं, "स्वीट ॲज, मार्टी" (म्हणजे इकडचं "चालेल") म्हणाले आणि लॅपटॉपचा चार्जर कुठे ठेवलास ते विचारलं. बाकीचं भाषण मी लिफ्टमध्ये केलं.

आता जे लिहायला मी इतकी पानं टाळाटाळ केली ते. बाबांनी सगळा जन्म मिलमध्ये उभ्याने काम केलं. घरी आले की त्यांचे पाय तू दाबायचीस. तेव्हापासून तुझं एकच म्हणणं, आपला मारोती पंख्याखाली बसून पगार घेईल. मला अभ्यासाला बसवून तू स्वतः उभी राहायचीस, मी उठू नये म्हणून. मी इथे आल्यावर तू माझा फोटो मागितला नाहीस, माझ्या ऑफिसच्या खुर्चीचा मागितलास, आणि तो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलास. त्या खुर्चीवर आता दुसरं कोणी बसतं. मी पुन्हा उभ्याने काम करायला लागलो, तेही कपडे उतरवत. मोहल्ल्यात कोणी विचारलं तर तू काय सांगशील, या विचाराने माझी झोप उडते. नीलिमा खूश आहे, इथल्या आपल्या मंडळात सांगून झालं, तिथेही कोणी बेशुद्ध पडलं नाही. पण तुला लाज वाटली, तर मला नाचता येणार नाही. हे मी गमतीने लिहीत नाही.

भाऊजींना जय भीम. उत्तर लवकर दे, आणि रागाचं असलं तर थेट मलाच पाठव, ग्रुपवर नको.

तुझा लाडका,
मारोती (मार्टी संपला)

ता. क. एक गोष्ट राहिली. त्या दिवशीच्या ओढाताणीत स्वेटरचा गळा सैल झाला, आणि वर मी तो मशीनमध्ये धुतला. आता तो मान खाली घातली तरी निघतो. मेंढ्यांचा देश आहे, म्हणून इथल्या दुकानातला चांगला जाड जम्पर (स्वेटरला इकडे जम्पर म्हणतात) आणून तालमीत घातला. तो एका झटक्यात निघाला, आणि मागे कोणीतरी खोकलं. थिएटरवाल्यांनी मग स्पष्टच सांगितलं की माणूस ठीक आहे, पण जम्पर तोच पाहिजे. तेव्हा माझ्या कलेबद्दल वर जे लिहिलं आहे ते थोडं कमी करून वाच. ताई, दौरा तुझ्या गळ्यावर चालला आहे. मुलं हूडी घालायला लागली तेव्हा "आता कोन घालते" म्हणून तू सुया कपाटावर टाकल्यास, त्या खाली काढ. हे पत्र आणि मरून लोकर घेऊन मंडळाचे गुरुनाथच पुढच्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला नागपुरात येत आहेत. मे महिन्यात लोकर हातात धरायला सांगतो आहे, मला कळतं. बादलीत पाय सोडून विण. पण गळ्याचा एक टाकाही सैल करू नकोस.

ता. क. दुसरा. पार्सलवर माझा विश्वास नाही. तो तूच घेऊन ये. श्रीलंकेच्या सहलीसाठी काढलेला तुझा पासपोर्ट अजून चालू आहे, मी भाऊजींना आडून विचारून घेतलं. व्हिसाचं आरुषी बघते आहे. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझ्या नावाने ठेवली आहे. बाबांनी उभ्याने केलं, तूही उभ्यानेच केलंस. आता आपल्या घरात बसायची पाळी तुझी. पंखा नाही, पण पायांशी हीटर आहे.

ता. क. तिसरा. विमानात गारठा असतो. स्वेटर बॅगेत कोंबू नकोस, अंगात घाल. इथे उतरल्यावर तो काढायला दोन माणसं लागतील. मी आणि नीलिमा विमानतळावर उभे असू.