झोळीचा फोटो

२८ जुलै
ठरलं. आजपासून वाढदिवस, फीत कापणे, हारतुरे बंद. पेपरचा फोटोग्राफर म्हणजे समाजाचा डोळा. सुरभीला सांगितलं तर म्हणाली, मग त्या डोळ्याला जाऊन दूध आणायला सांगा. बायको आहे, चालायचंच.
नियम एकच : पोज द्यायला लावायची नाही. जे आहे ते टिपायचं.

३० जुलै
कोंडाण्याच्या वरच्या वाडीत गेलो. रस्ता नाही, आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणतात. तसा एक फोटो मिळाला की रस्ता झालाच. १९ ऑगस्टला जिल्ह्याची फोटो स्पर्धाही आहे, पण तो योगायोग.
आज कोणीच आजारी नव्हतं. फेरी फुकट.
बुधीआजी नवं लुगडं नेसून दारात येऊन बसली. माजा येक फोटू काड रं, म्हणाली, आजवर कुनी काडला नाय. तिला तत्त्व समजावलं. पोजचे फोटो प्रेसवाले घेत नाहीत. तिने ऐकून घेतलं आणि काकडी दिली. गोड होती.
तिच्या मुलाला, कमळ्याला, नंबर देऊन ठेवला. कोणी आजारी पडलं की आधी मला फोन.

६ ऑगस्ट
कमळ्याला मीच फोन केला. सगळी बरी हायेत, म्हणाला. अशाने कसला होतोय रस्ता.

११ ऑगस्ट
आला फोन. आजीच्याच पोटात कळा. बाइक काढली, पुढे चढून झोळी अर्ध्या वाटेत गाठली. उजेड बेकार. ढग सरकेपर्यंत ओहोळाजवळ थांबवलं. मग मागे जाऊन ओहोळ पुन्हा ओलांडायला लावला. याला पोज म्हणत नाहीत. आजारपण खरं, झोळी खरी, पाणी खरं.
कमळ्या म्हणाला, दादा, आता जाऊ दे, आय बोलंना झाली. म्हटलं, तुमच्या रस्त्यासाठीच चाललंय ना.
फ्रेम अप्रतिम. झोळीबाहेर आलेले दोन पाय, खाली गढूळ पाणी.

१३ ऑगस्ट
आजी काल पहाटे गेली. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.
आज पहिल्या पानावर फोटो. कॅप्शन मीच दिली : रस्त्याअभावी उशीर, वृद्धेचा मृत्यू. छाया : ऋषिकेश घरत.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

१९ ऑगस्ट
पहिला नंबर. शाल, नारळ. परीक्षक म्हणाले, चेहरा न दाखवून तुम्ही मृताचा मान राखलात. तोच हेतू होता.
रस्त्याचं कोणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही, कार्यक्रम उगाच लांबला असता. शाल सुरभीला दिली. तिने उघडून पाहिली नाही.

२४ ऑगस्ट
कमळ्या स्टुडिओत आला. भिंतीला लावायला आयचा फोटू पायजे. सगळे फोटो काढून बसलो. झोळी, खांदे, पाय. चेहरा एकातही नाही. त्याला म्हटलं, बातमीला चेहरा लागतोच असं नाही.
मंग पायाचा दे, म्हणाला. पाया पडायला पायच लागत्यात.
स्पर्धेची फ्रेमच दिली. खालचं नाव काढता येईल का, असं विचारत होता. नाही म्हटलं. क्रेडिट हा फोटोग्राफरचा हक्क आहे.

३ सप्टेंबर
वाडीत गेलो. काम काही नव्हतं. कॅमेरा घरीच राहिला.
कमळ्याने फ्रेमला झेंडूचा जाड हार घातलाय. त्यात पाय झाकले गेलेत. खालचं नाव तेवढं दिसतं.
नवी आरोग्यसेविका हर्षला वाडीतले मृत्यू नोंदवत फिरत होती. कमळ्या कामावर गेलेला. तिने फ्रेमखालचं नाव वाचलं आणि मलाच विचारलं, हे ऋषिकेश घरत कधी वारले?
अकरा ऑगस्टला, मी म्हटलं. ओहोळाजवळ.
तिने लिहून घेतलं.