झालं, उठा

४ एप्रिल
पिंपळगाव राजाला पोचले. खामगावहून बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. ऊन कडक आहे पण कोरडं, मला आवडलं. शालूबाईंच्या घराची मागची खोली घेतली आहे. स्वतंत्र दार, एक खिडकी, खिडकीत कडुलिंब. आल्याआल्या त्यांनी जेवायला वाढलं आणि मी काम काय करते ते विचारलं. लोक मोबाईलवर वाचतात ते लेख लिहिते, म्हटलं. नुसतं बसून पगार मिळतो हे त्यांना पटेना. "मंग आमच्या म्हशीले बी लाव नोकरीले," म्हणाल्या. "थे बी बसूनच राह्यते." नाशिक सोडल्यापासून पहिल्यांदा मोकळं हसले.

५ एप्रिल
निजामभाईंची वेबसाइट घर आणि आरोग्याची आहे. ऑफिस म्हणजे त्यांचा बंद पडलेला फोटो स्टुडिओ. भिंतीवर रंगवलेला पडदा अजून आहे: तळं, पायऱ्या, एक हंस. पुढे गिऱ्हाइकाची वेताची खुर्ची. लिहिण्याआधी तिच्यावर वाचक बसवायचा, ही त्यांची पद्धत. कोण आहे, कशासाठी आला, वाचून झाल्यावर काय करील. हे दिसल्याशिवाय पहिलं वाक्य लिहायचं नाही. लेख संपला की खुर्चीकडे पाहून म्हणायचं, झालं, उठा. फोटो काढल्यावर ते असंच म्हणत.

दुसरी लेखिका गुलनाज. तिनं आज लग्नाला निघालेली मुलगी बसवली, मेंदी कशी रंगते ते लिहिलं आणि रिकाम्या खुर्चीला इतक्या गंभीरपणे उठवलं की मी हसू दाबलं.

९ एप्रिल
माझा विषय, लहान मुलांचा ताप. मी इथून जवळच्या उंद्री गावची एक बाई बसवली. मांडीवर वर्षाचा मुलगा. पण लेख ढिला पडत होता. ती सासूला विचारील, शेजारणीला विचारील; माझं कशाला वाचील? म्हणून सासू काढली. शेजार काढला. नवरा परगावी पाठवला. दवाखाना बंद केला, गाडी काढून घेतली. हातात फोन तेवढा ठेवला. मग वाक्यं आपोआप आली. ओल्या पट्ट्या, हलके कपडे, थोडं थोडं पाणी. मुलाला नावही दिलं, गोविंदा. त्यानंतर तो नीट दिसू लागला. बसकं नाक, उजव्या भुवईत तीळ.

उठा म्हटलं नाही. रिकाम्या खुर्चीशी बोलणं मला जमत नाही.

११ एप्रिल
लेख पुष्कळ वाचला जातो आहे. निजामभाईंनी भजी मागवली. खाली एकच प्रतिक्रिया आहे, नावाशिवाय: केलं. आता?

"गुणाची दिसते तुही बाई," गुलनाज म्हणाली. "सांगितलं तेवढं करते."

१५ एप्रिल
दुसरा लेख, ताप उतरत नसेल तर काय करावं. खाली: केलं. आता?

तिसऱ्यात स्पष्ट लिहिलं, वाट पाहू नका, मुलाला ताबडतोब डॉक्टरकडे न्या. खाली: ताई, दार कुठी हाय?

१६ एप्रिल
कुणीतरी चेष्टा करतं आहे म्हणून निजामभाईंना दाखवलं. ते हसले नाहीत. खुर्चीवर कोण बसवली ते विचारलं. सगळं सांगितलं. उठवली का, म्हणाले. नाही म्हटलं. जुन्या कॅमेऱ्याचं काळं कापड ते उगाच घडी घालत, उलगडत राहिले.

"आता म्हणून पाह्य," म्हणाले. "पण उठून जाईन कुठी थे? तूनंच तर सारं काढून घेतलं."

म्हटलं. झालं, उठा. दोनदा म्हटलं. खुर्चीचा वेत दबलेलाच राहिला.

१९ एप्रिल
दिवसभर फक्त तिच्यासाठी लिहिलं. लेखात तिला दार दिलं. रस्ता, बस, उघडा दवाखाना, आत बसलेली डॉक्टरीण. एवढ्या काळजीनं मी आजवर काही लिहिलेलं नाही.

खाली: दार भेटलं. बाहेर तळं हाय अन् एक पांढरं पाखरू. थे हालत नाई.

मी पडद्याकडे पाहिलं नाही.

२१ एप्रिल
गुलनाज खुर्चीकडे पाठ करून बसते. लेकराचं कण्हणं मलाही ऐकू येतं का, तिनं हळूच विचारलं. नाही म्हटलं. येतं. दुपारी जास्त.

२२ एप्रिल
लिहिणं थांबवलं. प्रतिक्रिया थांबत नाहीत. आता? आता? मग ही: ताई, हात भाजून राह्यले त्याच्या अंगानं. जरा धरता का?

मी उत्तर दिलं: आणा.

का दिलं — दुसरं देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

२३ एप्रिल
काम सोडलं. निजामभाई थांब म्हणाले नाहीत. खुर्चीकडे बोट केलं. वेत वर आला होता. रिकामी.

शालूबाई लग्नासाठी सुलतानपूरला गेल्या आहेत. शेजारी कुलूप. सकाळची पहिली बस धरायची आहे. बॅग भरून दाराशी ठेवली.

२४ एप्रिल
बॅग आहे. दार — बॅगेमागे भिंत. हात लावला, ओल्या रंगाचा वास.

कडुलिंबाचं पानही हलत नाही. खिडकीबाहेर ऊन आहे पण ते येत नाही आत —

मांडीवर ओझं. तापलेलं.

भुवईत तीळ.

२४ की २५
फोनवर एकच लेख उघडतो. माझा. किती छान लिहिला आहे. एकही शब्द जास्तीचा नाही —

पट्ट्या ठेवल्या. हलके कपडे. पाणी गिळत नाही. ओठांवरून परत येतं. गोविंदा म्हटलं की डोळे उघडतो, माझ्याकडे पाहतो. मी काहीतरी करीन असं —

समोर कुणी लिहीत बसलं आहे. टकटक ऐकू येते. हाक मारली. मान वर होत नाही. उठता येत नाही मला, अजून कुणी म्हटलं नाही —

पट्ट्या पुन्हा ठेवल्या. खाली लिहायला जागा आहे. लिहिते.

केलं. आता