तुरसूनचं नाव

वेधशाळा, १४ ऑक्टोबर १९८४

ती. सालोमत ओपास धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

चार वर्षांपूर्वी फोटोच्या काचेवर मला एक ठिपका सरकलेला दिसला होता, आठवतं? मंगळ आणि गुरू यांच्या मधला लघुग्रह. परवा तो ठरल्या जागी पुन्हा सापडला! एकदा दिसून कायमचे हरवलेले कितीतरी आहेत, म्हणून तो फिरून फिरून परत येतो याची खात्री पटल्यावरच क्रमांक मिळतो, आणि क्रमांकानंतर नाव. हिवाळा सरता सरता क्रमांक येईल. नाव सुचवण्याचा मान शोधणाऱ्याचा. मी आपल्या तुरसूनचं देणार. भाचा सरहद्दीपलीकडच्या लढाईतून, फौजेतून सुटून आला की आकाशाकडे बोट करून म्हणेन, तो बघ तू. दुर्बिणीशिवाय दिसत नाही हे मागाहून सांगेन.

माया पातळ होऊ देऊ नये.
मुहाय्यो

चिराक्ची, २ नोव्हेंबर

चि. मुहाय्यो हिस अ. आ.

अल्लाच्या कृपेनं सगळे बरे. लग्नाचं विचारलं की तू दगडांच्या खबरी देतेस, त्याची आता सवय झाली.

पण हे नावाचं मला रुचलं नाही. तुमच्या यादीतली नावं तूच मला वाचून दाखवली होतीस. लढाईत पडलेला वैमानिक, वारलेले गुरुजी, वारलेला गवई. त्या रांगेत माझ्या जित्या लेकराला उभं करतेस? आधीची दोन राहिली नाहीत म्हणून याला तुरसून म्हटलं, की हा तरी राहो. ते नाव मी नमाजात मागून घेतलंय, दगडाला वाटायला नाही.

निघताना त्यानं रिवाजाप्रमाणे रोटीचा एक घास दातांनी तोडला. उरलेली खुंटीला टांगली आहे, परत येऊन तीच खाईल. काल बघते तर दात लागले होते तिथूनच तडकलेली. दोऱ्यानं आवळून ठेवली. मला शपथ लिहून पाठव.

तुझी वाट बघणारी,
सालोमत

वेधशाळा, २० नोव्हेंबर

ती. ओपास सा. न. वि. वि.

घे शपथ. आपला तुरसून चालताबोलता आहे तोवर ते नाव वर जाणार नाही. झालं समाधान? जुनी रोटी तडकणारच, ओपा, त्यात काय!

पोरगा तुझ्यावरच गेलाय. फौजेच्या कागदावर घरचा पत्ता म्हणून त्यानं माझा घातलाय. लिहितो, सरकारी लखोटा आईच्या दारात नको, साधं काही असलं तरी ती दिवसभर जेवत नाही.

रागावली असलीस तरी माया कमी करू नये.
मुहाय्यो

चिराक्ची, १९ फेब्रुवारी १९८५

चि. मुहाय्यो हिस अ. आ.

तुरसूनची पत्रं मी वहीत तारखेनिशी मांडते. दर तीन आठवड्यांनी एक, कधी चुकलं नाही. नऊ डिसेंबरनंतर ओळ कोरी आहे. शेजारीण म्हणते, डोंगरात बर्फ, टपाल अडलं असेल. तिच्या लेकाचं मात्र येतं.

आणि तुझं गं काय? दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तुझ्या दगडाला क्रमांक आला का? त्याला जर्दाळू म्हण, तुती म्हण, हवं ते म्हण. पण दोन ओळी लिही.

काळजीत असलेली,
सालोमत

वेधशाळा, ११ मार्च

ती. ओपास सा. न. वि. वि.

क्रमांक आला. नाव लिहून पाठवलं. शपथ मोडलेली नाही. रस्ता बर्फानं बंद आहे, टपाल तेवढं माणूस पायी नेतो. उघडला की पहिल्या बसनं येते.

मुहाय्यो

चिराक्ची, १८ मार्च

चि. मुहाय्यो हिस अ. आ.

तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं, मग फडताळात ठेवलं, मग पुन्हा काढलं. लहानपणीसुद्धा तू कधी शब्द मोडला नाहीस. म्हणून कोणतं नाव, ते विचारत नाही. लखोटा कधी आला तेही विचारत नाही. तू एकटीनं हिवाळाभर तो कसा सांभाळलास, बाई?

अंगण झाडून घेतलं. लोक येतील. शेजारणीला अजून सांगितलेलं नाही, ती परवाच म्हणत होती की आता येईलच पत्र.

रोटी खुंटीवरच आहे. लेक परत आला की ती कशी उतरवायची, कुणाच्या हातानं, काय म्हणून, हे सगळं आईनं आपल्याला शिकवलं होतं. हे शिकवलं नाही. तुला ठाऊक असलं तर येऊन सांग. तोवर मी तिला हात लावत नाही.

रस्ता उघडला की ये.
तुझी ओपा