विमानाची दांडी आणि माझे हात

बाबा, माझे हात ठीक आहेत. बाकीचं सगळं मागून सांगतो, पण हे आधी सांगायला हवं, कारण गेले काही आठवडे मी या एका वाक्याची वाट पाहत होतो आणि ते ज्याला सांगावं असं माणूस तुमच्याशिवाय मला दुसरं सुचत नाही. घरात सगळ्यांना सांगून झालं आहे. सगळे खूश आहेत, आणि आता त्यांना तेच तेच ऐकून कंटाळाही आला आहे. म्हणून तुमच्याकडे आलो.

मेहकरचं आपलं घर तसंच आहे, फक्त पुढच्या खोलीत जिथे तुमची खाट असायची तिथे आता टेबल आहे आणि टेबलावर कंप्युटर. बसस्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तुम्ही होतात तेव्हा मी रेडिओ आणि टेप उघडून बसायचो; आता मोबाइल उघडतो, आणि त्याच्या आतले भाग इतके लहान असतात की डोळ्याला भिंग लावून, श्वास धरून, सोल्डरिंगचं टोक नेमकं टेकवावं लागतं. हात जरा इकडचा तिकडे झाला तर लोकांचा फोन गेला. तुमची नात अमरावतीला इंजिनीअरिंग शिकते, हॉस्टेलवर राहते. तुम्ही तिला पाहिलं नाही, आणि तिला तुम्ही फोटोतले, एसटी ड्रायव्हरच्या खाकी शर्टातले आजोबा म्हणूनच माहीत. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली ती एक भलीमोठी पिशवी घेऊनच. कंप्युटरवर विमान उडवायच्या खेळाचं सामान होतं, तिच्या कोण्या मैत्रिणीच्या भावाला नको झालेलं: एक जॉयस्टिक, म्हणजे विमानाची दांडी, एक थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर कमीजास्त करायचा दांडा, आणि पायाखाली ठेवायची दोन पेडलं. "पप्पा, तुम्हाला लहानपणी विमानाचं लई वेड होतं ना? आता घरीच उडवा," ती म्हणाली.

वेड तर होतंच, आणि ते तुम्हीच लावलेलं. डोणगावच्या शेतात आपण दुपारी भाकर खायला बसलेलो असायचो आणि वरून पांढरी रेघ ओढत एखादं विमान जायचं. मी विचारतो, बाबा, कुठं जाऊन राह्यलं? तुम्ही वर न पाहताच सांगता, "हैदराबादले." थोड्या वेळानं दुसरं विमान बरोबर उलट्या दिशेनं येतं. "आन् हे?" "हेही हैदराबादलेच. चक्कर मारून." तुम्ही इतक्या गंभीरपणे सांगायचात की माझा बरीच वर्षं त्यावर विश्वास होता.

तर आम्ही बापलेक ते सामान जोडायला बसलो. मला वाटलं होतं, वायर खुपसली की झालं. तसं नसतं. कोऱ्या दांडीला काहीच कळत नाही. प्रत्येक बटणाला काम वाटून द्यावं लागतं. चाकं पोटात घ्यायची ती या बटणानं, पंखांचे फ्लॅप खाली करायचे ते त्या बटणानं, ब्रेक अंगठ्याशी, मान वळवून खिडकीबाहेर पाहायचं ते दांडीच्या डोक्यावरच्या, टोपीसारख्या बटणानं. पोरीनं भराभर वाटणी करून टाकली आणि मला बसवलं. मी थ्रॉटल पुढे ढकलला तर इंजिन मरून गेलं, मागे ओढला तर विमान बोंबलत सुटलं. सगळं उलटं लागलं होतं. ते सरळ केलं तेव्हा पेडलं उलटी निघाली, डावा पाय दाबला की विमान उजवीकडच्या गवतात. सून तुमची स्वयंपाकघरातून विचारून राहिली, "उडालं का नाही अजून? भाकरी गार होऊन राह्यल्या." आणि मी भर धावपट्टीवर, वेगात असताना, चुकून ब्रेकचं बटण दाबलं. विमान नाकावर आपटलं. पोरगी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

मग दांडी सोडून दिली तरी विमान डावीकडे कलायला लागलं. पोरगी म्हणाली, "याला डेडझोन द्यावा लागते. म्हणजे मधल्या जागी दांडी थोडीशी हालली तरी विमानानं तिकडं लक्षच द्यायचं नाही." मी लगेच म्हणालो, हे मला माहीत आहे. आणि खरंच माहीत होतं. डेपोत धुवायला उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये तुम्ही मला तुमच्या जागेवर बसवलं आहे. स्टेअरिंग माझ्या दोन्ही हातांत मावत नाही. मी ते जरासं फिरवतो आणि खाली वाकून पाहतो तर चाक जागचं हललेलंच नाही. मी घाबरून म्हणतो, बाबा, बिघडलं वाटते. तुम्ही हसता. "बिघडलं नाही बे. थोडा प्ले असतेच. तेवढ्यात गाडी कुठी जात नाही, त्याच्याशी भांडू नको." पोरीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजोबांनी बरोबर सेटिंग सांगितली."

दुसऱ्या दिवशी दोघी मायलेकी बाजारात गेल्या होत्या आणि मी एकटाच टेबलाशी बसलो. दांडी नीट मोजून घ्यायचा कंप्युटरवर एक पडदा असतो. त्यात एक चौकोन आणि चौकोनात लहानसं अधिकाचं चिन्ह. दांडी जिकडे न्याल तिकडे ते चिन्ह सरकतं. मी दांडी उजव्या कोपऱ्यात नेली आणि तिथेच धरून ठेवली. चिन्ह थांबेना. थरथरत होतं. बारीक, सारखं, न थांबता. मी कोपर टेबलावर टेकवलं, तरी तेच. हात बदलला, डाव्या हातानं धरलं, तरी तेच. मी कंप्युटर बंद केला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिलो.

कारण मला सगळं आठवलं. तुमचा उजवा हात आधी थरथरायला लागला. घरी तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत, पण आईला चहावरून कळलं. त्यानंतर ती तुम्हाला अर्धाच कप द्यायची आणि थोड्या वेळानं पुन्हा अर्धा, जणू काही चहाच दोनदा केला आहे. आणि तो दिवस, ड्यूटीवर निघायची वेळ, तुम्ही आरशासमोर उभे, शर्टाचं वरचं बटण काही केल्या काजात जाईना. मी पुढे झालो आणि बटणाला हात घातला. "हात सोड!" तुम्ही ओरडलात. "मी काय लहान लेकरू आहो?" पुढे थोड्याच दिवसांत डॉक्टरनं कंपवात सांगितला, तुमच्या हातून स्टेअरिंग गेलं आणि तुम्ही डेपोत बसून करायच्या कामाला लागलात. तुम्ही त्याबद्दल कधीच तक्रार केली नाहीत. पण बस सुटताना तुम्ही मान खाली घालायचात, ते मी पाहिलं आहे.

म्हणून त्या थरथरत्या चिन्हाचं मी कोणालाच काही सांगितलं नाही. दुकानात माझं निम्मं लक्ष हातांवर. भिंगाखाली बोटं धरून पाहायचो, आणि तुम्ही कोणाचीही बोटं भिंगाखाली धरा, ती हलतातच. पण तेव्हा मला ते कुठे सुचतं? एका मास्तरांच्या फोनचं साधं चार्जिंगचं काम, शेकडो वेळा केलेलं, ते माझ्याकडून बिघडलं. मग मी बारीक कामं घेणंच बंद केलं. पार्ट नाही आला, परवा या, असं सांगून लोकांना वाटेला लावायचो. पोरगी म्हणायची, पप्पा, विमान? मी म्हणायचो, आज नको, डोळे दुखून राह्यले.

आणि एका सकाळी मी चहाचा कप हातात घेतला, बशीत अर्धा ओतला आणि उरलेला अर्धा हातात धरून बसलो. बायको समोरच होती. ती या घरात आली तेव्हा तुम्ही होतात; आईनंतर तुम्हाला कप तिनंच दिला आहे. तिनं एकदा कपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काऊन अर्धा?"

"उगाच."

"मले सांगता का, का मीच सांगू?"

मी सांगितलं. तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले, जसं भाजी घेताना पाहतात. म्हणाली, "मले तर काही दिसत नाही. पण तुमचं मन मानणार नाही. चाला बुलढाण्याले."

बुलढाण्याचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात समोर धरायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं, खोलीत इकडून तिकडे चालवलं, कागदावर गोलात गोल काढायला लावला. मी तो गोल काढला तेव्हा बायको श्वास रोखून माझ्या खांद्यावरून पाहत होती. डॉक्टर म्हणाले, "मला काही आढळत नाही. वडिलांना होता म्हणून तुम्हाला होईलच, असं नसतं. पण तुम्हाला हे वाटलं कशावरून?" मी चौकोन आणि अधिकाचं चिन्ह समजावून सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग आधी त्या दांडीला तपासा. माझ्या मते पेशंट ती आहे."

बायको परतीच्या बसमध्ये चिखलीपर्यंत हसत होती. मला हसू येत नव्हतं. डॉक्टर म्हणतात ते खरं असेल, पण मी ते चिन्ह डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय दांडी सोडली की चिन्ह मधोमध अगदी शांत उभं राहायचं. माझा हात लागला की थरथरायचं. याचा अर्थ दुसरा काय?

घरी येताच पोरीला सगळं सांगावं लागलं. ती आधी रागावली, मला काऊन नाही सांगितलं म्हणून, आणि मग एकदम कपाळावर हात मारला. "पप्पा! मधोमध तर आपण डेडझोन दिला आहे ना! तिथं ते हाललं तरी दाखवणारच नाही!" बायकोला यातलं अर्धंच कळलं, पण उपाय तिनंच काढला. म्हणाली, "मग हात न लावता त्याले कोपऱ्यात बांधून ठेवा ना. वासराले बांधते तसं." आणि कपाटातून परकराची एक नवी नाडी घेऊन आली. पोरीनं दांडी उजव्या कोपऱ्यात ओढली, नाडीनं टेबलाच्या पायाला करकचून बांधली आणि आम्ही तिघं मागे सरकून हात वर करून उभे राहिलो, चोर सापडल्यासारखे.

चिन्ह थरथरत होतं. बाबा, तिथे कोणाचाच हात नव्हता, आणि ते तसंच थरथरत होतं. बारीक, सारखं.

पोरगी ओरडली, बायकोनं देवाला हात जोडले, आणि मी खुर्चीवर बसलो तो किती तरी वेळ उठलोच नाही. रडलो वाटतं थोडा. दोघींनी मला एकट्याला बसू दिलं. मग मी उठलो, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दांडी उघडली. आत जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तसाच लहानसा गोल भाग, झिजून गेलेला. रेडिओत तो झिजला की आवाज खरखरतो. इथे चिन्ह थरथरत होतं. असले भाग मी आयुष्यभर बदलत आलो आहे. दुसऱ्या कोणी दुकानात आणून दिलं असतं तर बघताक्षणी सांगितलं असतं. दुकानातून तसा एक भाग आणला आणि तिथेच, पुढच्या खोलीत, सोल्डरिंग लावून बसवला. तीन टाके, स्वच्छ, चमकणारे. पोरगी म्हणाली, "पप्पा, हे तर कंपनीच्यापेक्षा चांगले आहेत." मी म्हणालो, हाव, आहेतच.

आता विमान छान उडतं. परवा रविवारी मी लोणारवरून फिरवलं. वरून तळं दिसतं, भोवती हिरवी झाडी आणि पलीकडे गाव. तिथून मेहकरकडे रस्ता धरला, तुमचाच रस्ता, कधी काळी तुम्ही रोज दोनदा जायचात तो. आणि बाबा, एक गोष्ट झाली. इतकी वर्षं तुमचे हात आठवले की मला ते थरथरतानाच आठवायचे. त्या रविवारी मला त्याच्या आधीचे हात दिसले. गिअरवर ठेवलेला डावा हात, स्टेअरिंगवर सैल सोडलेला उजवा, आणि समोर बैल आडवा आला तरी न दचकलेली बोटं. मी ते विसरलोच होतो. भीती गेली तेव्हा ते परत आले, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीतल्या खुर्चीत हसलो.

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही आणि कोणाला दाखवणारही नाही. तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं. तुम्ही म्हणाला असतात, एवढ्याश्याले पत्र काऊन? फक्त एक सांगून टाकतो, कारण पोरगी परवा हॉस्टेलवर परत गेली आणि आता घरात हे कोणाला माहीत नाही. मला अजून विमान खाली उतरवता येत नाही. उडवतो, वळवतो, गावोगाव फिरवतो. उतरायची वेळ आली की दरवेळी तिला हाक मारायचो. काल ती नव्हती. धावपट्टी समोर दिसायला लागली, मी थोडा वेळ विचार केला, आणि विमान हवेत असतानाच कंप्युटर बंद करून जेवायला उठलो.