धुऱ्यावर फौज बसवली त्याची हकीकत

मुक्काम वलगाव, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १७८६

राजमान्य राजेश्री महादेवराव भाऊजी, मुक्काम अकोला, यांस खुशालरावाचा रामराम. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे बैल, म्हैस आणि मी. तिकडे ताईची कंबर, आपला खोकला आणि कचेरीतली नोकरी ही तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे.

दिवाळीत आमच्या ओसरीवर बसून आपण सरकारचं धोरण सांगितलंत. ते मी मनावर घेतलं आणि तिथंच घात झाला. इंग्रजाला शेजाऱ्यांचा एवढा पुळका का, असं मी विचारलं होतं. आपण सुपारी कातरत म्हणालात की पुळका कसला, गरज. शेजाऱ्याजवळ आपल्या कामाचं काय आहे ते आधी हेरायचं, मग त्याला भय दाखवायचं, मग त्याच्या रक्षणाला आपली फौज द्यायची आणि फौजेच्या खर्चापोटी हवं ते घ्यायचं. निजामाकडून वऱ्हाड असंच आलं, आणि आता अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस अडल्यामुळे विलायतेला आपल्या कापसाची आठवण येते.

माझी गरज साधी. माझ्या वावरातून अमरावतीच्या बाजाराला जायची गाडीवाट शेजारच्या पंजाबरावाच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाते. वडलांच्या काळापासून जाते, पण यंदा पहिली वेचणी झाली आणि त्यानं तिथं बाभळीचे काटे टाकले. इकडे माझ्या खोपीत कापूस छताला लागलेला, आणि तिकडची लढाई कधी थांबेल आणि कापसाचा दर कधी पडेल याचा नेम नाही (ती थांबू नये असं माणसानं म्हणू नये, पण मी रोज म्हणतो). तेव्हा कापूसचोर फिरतात अशी बातमी मी पंजाबरावाला दिली (चोर मनातल्या मनात मीच नेमले होते) आणि त्याच्या राखणीला फौज दिली. फौज म्हणजे माझा मेहुणा देवीदास, जो चार महिने आमच्याकडे पाहुणा आहे. त्याला जेवू घालता घालता पंजाबराव आठ दिवसांत टेकीस येईल आणि वाट सोडेल, असा माझा डाव.

पण भाऊजी, निजामाची फौज इंग्रजाच्या बायकोचा भाऊ नव्हती. आपला भाऊ परक्याच्या दारी जेवणार हे कळताच आमची मैनाबाई रोज दोन वेळा शिदोरी घेऊन धुऱ्यावर जाऊ लागली. भाकरी, झुणका आणि वर तूप. म्हणजे फौज माझी, खर्च माझा, राखण पंजाबरावाची. तरी मी गाडी जुंपून गेलो, तर देवीदास काठी आडवी धरून उभा. म्हणाला, "तुमीच बसवलं ना मले इथं? मंग कोनाचीच गाडी जाऊ देनार नाही. तुमची बी नाही." इतका इमानी माणूस आपल्या घरात आहे हे मला चार महिन्यांत कळलं नव्हतं.

शेवटी मैनाबाईच पंजाबरावाच्या बायकोकडे, पार्बताबाईकडे, गेली आणि भांडणाचं मूळ घेऊन आली. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादहीची पूजा होते, आणि धुऱ्यापलीकडच्या शेजारणीला बोलावून दहीभात द्यायची आमच्या दोन घरांची रीत आहे. यंदा चढ्या दरात कापूस विकायच्या घाईत मी पूजा उरकायला लावली आणि तिला बोलावलंच नाही. पार्बताबाई मैनाबाईला म्हणाली, "कापूस काय दरसाल महाग राह्यते? आमी तं दरसाल शेजारी आहो."

मला लाज वाटली, भाऊजी. दुसऱ्या दिवशी दहीभाताचं पातेलं घेऊन मी स्वतः त्यांच्या दारी गेलो. पंजाबरावानं काटे उचलायचं कबूल केलं. तेव्हा सरकारचं धोरण सरकारला लखलाभ. वडीलधाऱ्यांना दंडवत, भाच्यांना गोड पापा.

आपला,
खुशालराव

ता. क. कबूल केलं असं लिहिलं, उचलले असं लिहिलेलं नाही. आधी देवीदास धुऱ्यावरून हलला पाहिजे, अशी पार्बताबाईची अट आहे. घरी आणला की तो परत तिथंच जाऊन बसतो. तोवर कापूस खोपीतच आहे.

आणखी ता. क. अकोल्यात हल्ली चोऱ्या फार होतात असं ऐकतो. आपल्या रक्षणासाठी देवीदासला पाठवला आहे. जेवण आपल्याकडे.

शेवटची ता. क. हे पत्र घेऊन दारात उभा आहे तो तोच. त्याला वाचता येत नाही, तेव्हा पत्र मोठ्यानं वाचू नये.